तंबाखू कंपन्या आणि सरकार : व्यवहार उजेडात कसा आणायचा

डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिकेतल्या बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख जमले. सिगारेटच्या धुरातला काळा चिकट अर्क उंदरांच्या पाठीवर लावला की कर्करोगाच्या गाठी येतात, हे नुकतंच छापून आलं होतं आणि सिगारेट ओढणारे धास्तावले होते. हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीला हाताशी धरून जे ठरलं, ते ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात म्हणून आलं. लोकांचं आरोग्य ही आमची पहिली जबाबदारी आहे आणि ते राखणाऱ्यांना आम्ही नेहमी सहकार्य करू, असा त्या जाहिरातीचा सांगावा होता.

त्यानंतर ४० वर्षांनी, १४ एप्रिल १९९४ ला, सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर बसले. निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही, असं त्यांनी एकामागून एक सांगितलं. त्या सातांतली एक कंपनी होती ब्राउन अँड विल्यमसन. तिच्याच वकिलाने १९६३ साली आतल्या टिपणात लिहून ठेवलं होतं, की आपला धंदा निकोटिन विकण्याचा आहे आणि ते व्यसन लावणारं द्रव्य आहे.

ते टिपण कुठल्याही सरकारी निरीक्षकाने शोधून काढलं नाही. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापकाच्या पत्त्यावर कुणीतरी कागदांचं खोकं पाठवलं, त्यात ते निघालं. पुढे खटले झाले, १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ४६ राज्यांशी तडजोड झाली आणि कंपन्यांना लाखो कागद उघडे करावे लागले. देखरेख करणारी खाती इतकी वर्षं होतीच. ती कंपनीने दिलेली माहिती फायलीला लावत होती.

म्हणून देखरेखीच्या दोन बाजू धरून चालावं लागतं. सरकारने उद्योगावर नजर ठेवायची आणि लोकांनी सरकार-उद्योग यांच्यातल्या व्यवहारावर. पहिल्या बाजूवर कायदे भरपूर आहेत. दुसरी बाजू बहुतेक ठिकाणी उघडी पडलेली असते आणि माझ्या मते सगळी गळती तिथूनच होते. हा लेख सरकारी कार्यालयात बसणाऱ्यांसाठी आहे, तसाच बाहेरून माहिती मागणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, पत्रकारांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठीही आहे. दोघांना लागणारे कागद एकच असतात. एकाने ते ठेवायचे आणि दुसऱ्याने मागायचे.

पहिली पायरी : कलम ५.३ हाताशी ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार २१ मे २००३ ला मंजूर झाला आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. आज १८३ पक्ष, म्हणजे करारात सामील झालेली सरकारं, त्यात आहेत. अमेरिकेने सही केली, पण करार मंजूर करून तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. इंडोनेशियाने सहीही केलेली नाही. आपण ज्या देशाबद्दल काम करतोय तो करारात आहे का, हे सगळ्यात आधी पाहा, कारण पुढचा प्रत्येक अर्ज या आधारावर उभा राहणार आहे.

कराराचं कलम ५.३ एका वाक्याचं आहे. तंबाखू नियंत्रणाची धोरणं आखताना आणि राबवताना ती तंबाखू उद्योगाच्या व्यापारी आणि इतर हितसंबंधांपासून जपली पाहिजेत, अशी जबाबदारी ते सरकारवर टाकतं. हे वाक्य उगाच आलेलं नाही. कंपन्यांनी खुद्द जागतिक आरोग्य संघटनेचं काम पोखरायचा प्रयत्न केला होता, तोही आपली ओळख लपवून काम करणारे सल्लागार वापरून. संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ते २००० साली कंपन्यांच्याच कागदांवरून दाखवून दिलं.

कलम छोटं असल्यामुळे ते कसं पाळायचं याच्या मार्गदर्शक सूचना २००८ मध्ये डर्बनच्या परिषदेत मंजूर झाल्या. त्यातली चार तत्त्वं तोंडपाठ असू द्या. उद्योगाचं हित आणि सार्वजनिक आरोग्य यांच्यात मुळातलाच, न मिटणारा विरोध आहे. उद्योगाशी व्यवहार करताना सरकारने जबाबदारीने आणि पारदर्शकपणे वागायचं. उद्योगालाही तसंच वागायला लावायचं. आणि या धंद्याला उभं राहायला किंवा चालायला सवलती द्यायच्या नाहीत.

दोन गोष्टी इथे हमखास निसटतात. एक म्हणजे हे कलम फक्त आरोग्य खात्यासाठी नाही. अर्थ, व्यापार, शेती, उद्योग, सीमाशुल्क, स्थानिक संस्था, सगळ्यांना ते लागू आहे. कंपनी आरोग्य खात्याचं दार सहसा ठोठावत नाही, ती अर्थखात्यात जाते. दुसरी म्हणजे कंपनी सरकारी मालकीची असली तरी तिला वेगळा न्याय नाही. जगातल्या सिगारेटींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक सिगारेटी चीनची सरकारी कंपनी बनवते. जपान टोबॅकोचे किमान एक तृतीयांश शेअर सरकारने धरून ठेवावेत असा जपानचा कायदाच आहे. अशा ठिकाणी एकच सरकार एका हाताने नियमन करतं आणि दुसऱ्या हाताने लाभांश घेतं, म्हणून नोंदी तिथे जास्त काटेकोर लागतात.

मग देशांतर्गत आदेश शोधा. फिलिपाइन्सने २०१० मध्ये नागरी सेवा आयोग आणि आरोग्य खात्याच्या संयुक्त परिपत्रकाने सर्व सरकारी नोकरांना उद्योगाशी अनावश्यक संपर्क ठेवायला मनाई केली. युगांडाने २०१५ च्या कायद्यातच या तरतुदी घातल्या. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये आचारसंहिता काढली. परिपत्रक एकाच खात्यापुरतं असेल तर तेवढं नोंदवून ठेवा, कारण पहिली मागणी तीच करायची आहे : हेच परिपत्रक बाकीच्या खात्यांनाही लागू करा.

दुसरी पायरी : ‘उद्योग’ म्हणजे नेमके कोण, याची यादी करा

या पायरीला वेळ द्या. एक आठवडा गेला तरी चालेल.

कारखानदार, आयातदार, घाऊक वितरक, तंबाखूचं पान खरेदी करून वाळवणारे, ही नावं परवान्यांच्या नोंदींत सापडतात. अवघड आहेत ते मागून बोलणारे. त्यात शेतकऱ्यांच्या नावाने बोलणारी संघटना असते, किरकोळ विक्रेत्यांचा महासंघ असतो, करतज्ज्ञांची संस्था असते, ‘ग्राहकांच्या निवडीचा हक्क’ मागणारा मंच असतो. प्रत्येक संघटना खोटी असते असं मी म्हणत नाही. शेतकरी खरा असतो, त्याची अडचणही खरी असते. पण १९८४ मध्ये निघालेल्या इंटरनॅशनल टोबॅको ग्रोअर्स असोसिएशनचंच पाहा. तिला पैसा पुरवायचा आणि गरीब देशांतल्या शेतकऱ्यांचा आवाज म्हणून तिला पुढे करायचं, ही योजना कंपन्यांच्या अंतर्गत कागदांत स्पष्ट दिसते.

शास्त्रज्ञांचंही तेच. जिनिव्हा विद्यापीठातले एक प्राध्यापक दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटच्या धुराच्या परिणामांवर संशोधन करत आणि फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीशी असलेला दीर्घ आर्थिक संबंध लपवत. दोन कार्यकर्त्यांनी हे उघड केलं, तेव्हा प्राध्यापकांनी त्यांच्यावरच बदनामीचा दावा लावला. २००३ मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयाने कार्यकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला.

म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे चार रकाने करा : पैसा कुठून येतो, संचालक मंडळावर कोण आहे, त्यातले लोक आधी कुठे नोकरीला होते, आणि जुनी नावं कोणती. शेवटचा रकाना विसरू नका. ‘फाउंडेशन फॉर अ स्मोक-फ्री वर्ल्ड’ ही संस्था २०१७ मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलच्या पैशावर उभी राहिली. वर्षाला ८ कोटी डॉलर देण्याचं कबूल झालं होतं. तिच्याबरोबर भागीदारी करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने सरकारांना तेव्हाच सांगितलं. २०२४ मध्ये संस्थेने नाव बदललं. जुन्या नावाने शोधणाऱ्याला नवी संस्था सापडत नाही आणि नव्या नावाने पत्र आलं की कारकुनाला काही आठवत नाही.

यादी दर सहा महिन्यांनी ताजी करा आणि आवक-जावक पाहणाऱ्या माणसाच्या टेबलावर तिची एक प्रत ठेवा. पत्र कुठून आलंय हे सर्वात आधी त्याला कळलं पाहिजे.

तिसरी पायरी : भेटीची नोंद

समजा, कार्यालयात ईमेल आला : ‘नव्या नियमांबाबत सौजन्य भेट हवी आहे, अर्धा तास पुरेल.’ इथून पुढे काय करायचं ते एकेक करून पाहू.

पहिला प्रश्न, भेट लागतेच का? मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उद्योगाशी संपर्क फक्त नियमनासाठी काटेकोरपणे आवश्यक असेल तेव्हा आणि तेवढाच करायचा. ‘सौजन्य’ या कारणात ते बसत नाही. म्हणून लेखी उत्तर द्या : विषय कळवा, प्रश्न लेखी पाठवा, उत्तर लेखी मिळेल आणि दोन्ही प्रसिद्ध होतील. अनेक भेटी इथेच गळतात, हा या पायरीचा मोठा फायदा.

भेट खरोखर लागत असेल, तर ती कार्यालयातच घ्या. हॉटेल, परिसंवादाचा चहा, विमानतळावरची गाठ, यातलं काही नको. सरकारकडून किमान दोन माणसं असावीत, त्यातला एक विधी विभागाचा असेल तर उत्तम. कोण येणार, कुणाच्या वतीने, हे आधी लिहून घ्या. विषयपत्रिका आपण ठरवा. बैठक होणार असल्याचं आधी जाहीर करा. फोटो काढू देऊ नका, कारण तो फोटो पुढे ‘सरकारबरोबर भागीदारी’ म्हणून छापला जातो. सुरुवातीलाच सांगा की ही भेट म्हणजे सहमती किंवा सहकार्य नव्हे, आणि हे सांगितल्याचं इतिवृत्तात लिहा.

आता नोंद कशी दिसते ते पाहा. बहुतेक नोंदवह्यांत असं सापडतं :

‘उद्योग प्रतिनिधींसमवेत बैठक संपन्न झाली. विविध विषयांवर सकारात्मक चर्चा झाली.’

यातून काहीही कळत नाही. नोंद अशी हवी :

‘वेळ ११.०० ते ११.३५, विभागाचं सभागृह. भेट मागणारे : कंपनीचे विधी सल्लागार, मूळ ईमेल जोडला आहे. उपस्थित : विभागाचे तिघे, कंपनीचे दोघे, नावं आणि पदं सोबत. विषय : पाकिटावरच्या नव्या चित्र-इशाऱ्यासाठी छपाईचे सिलिंडर बदलायला लागणारा अवधी. कंपनीचं म्हणणं : १२ महिने हवेत. कंपनीने दिलेले कागद : दोन, जोडले आहेत. विभागाचं उत्तर : मुदतीचा निर्णय लेखी कळवू. कंपनीने करवाढीचा विषय काढला, तो विषयपत्रिकेत नसल्याने बोलण्यास नकार दिला. दिलेलं आश्वासन : निरंक.’

(हे नमुन्यादाखल लिहिलं आहे.) शेवटची दोन वाक्यं सोन्याच्या मोलाची आहेत. कंपनीने काय मागितलं आणि सरकार कशावर बोललं नाही, हे लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनी नियम बदलला तर कुणीही ओळी जुळवून पाहू शकतो. नोंद १५ दिवसांच्या आत संकेतस्थळावर टाका. फोन, मेसेज आणि मध्यस्थामार्फत आलेले निरोपही त्याच वहीत यायला हवेत. लोकप्रतिनिधीने ‘जरा यांचं ऐकून घ्या’ म्हणून केलेला फोनही संपर्कच आहे.

नियम असूनही खाती हे करत नाहीत, यावर युरोपचं उदाहरण बोलकं आहे. युरोपीय आयोगाचं आरोग्य खातं तंबाखू कंपन्यांशी झालेल्या भेटी प्रसिद्ध करत असे, पण बाकीच्या अनेक खात्यांत ते होत नव्हतं. युरोपीय लोकपालांनी चौकशी करून २०२३ मध्ये हा गैरकारभार असल्याचा निष्कर्ष काढला. 

चौथी पायरी : भेटवस्तू, देणग्या, खुर्च्या

तंबाखू नियंत्रणात काम करणाऱ्या, त्यावर निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाकडून वर्षातून एकदा हितसंबंधांचं लेखी निवेदन घ्या : शेअर, सल्लागारी, जवळच्या नातेवाइकांची नोकरी, गेल्या काही वर्षांतले स्वतःचे मालक. नोकरी सोडून कंपनीत जाणाऱ्याने आधी कळवायचं आणि मधे ठरावीक काळ थांबायचं, अशी अट सेवाशर्तीत हवी. कंपनीच्या माणसाला धोरण ठरवणाऱ्या समितीवर घ्यायचं नाही. सरकारी निधी, पेन्शनचा पैसा तंबाखूच्या शेअरमध्ये किती आहे, हेही एकदा विचारून घ्या. उत्तर आलं की पुष्कळांना धक्का बसतो.

देणगीचा प्रश्न नाजूक असतो. शाळेला संगणक, पूरग्रस्तांना धान्य, दवाखान्याला यंत्र देऊ केलं तर नाही कसं म्हणायचं? गरजू माणूस समोर असतो. पण करारातल्या जाहिरातबंदीच्या कलमाच्या सूचना अशा ‘सामाजिक जबाबदारी’च्या कामांना प्रायोजकत्वच मानतात. कंपनीला द्यायचंच असेल तर कर भरावा, शाळांना आणि दवाखान्यांना पैसा त्यातूनच जातो. नकाराचं पत्र नस्तीला लावा आणि देऊ केलेल्या देणगीची नोंदही प्रसिद्ध करा, स्वीकारली नसली तरी.

पाचवी पायरी : कंपनीकडून काय मागायचं

आतापर्यंत आपण सरकारवर नजर ठेवली, आता वळू उद्योगाकडे. कराराच्या कलम १० प्रमाणे उत्पादनात काय घातलं आहे आणि धुरातून काय बाहेर पडतं, हे कंपनीने सरकारला सांगायचं आणि सरकारने लोकांसाठी ते उघड करायचं. त्यापलीकडे उत्पादन, विक्री, बाजारातला वाटा, जाहिरात आणि विक्रीवाढीचा खर्च, संशोधन, लॉबिंग (धोरण आपल्या बाजूने वळवायचे प्रयत्न) आणि राजकीय देणग्या, हे सगळं ठरावीक नमुन्यात, ठरावीक तारखेला मागायचं.

एक उदाहरण जवळून पाहू. सिगारेटच्या फिल्टरवरचा कागद उजेडासमोर धरला तर कित्येक ब्रँडमध्ये बारीक छिद्रांची गोल रांग दिसते. प्रयोगशाळेतलं यंत्र सिगारेट ओढतं तेव्हा जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत दर मिनिटाला एक, ३५ मिलीलीटरचा झुरका घेतला जातो आणि छिद्रं उघडी असतात. बाहेरची हवा आत शिरते, धूर पातळ होतो आणि डांबराचा, म्हणजे धुरातल्या काळ्या चिकट अर्काचा (‘टार’चा), आकडा कमी येतो. माणूस ओढतो तेव्हा बोटं आणि ओठ नेमके त्या छिद्रांवर येतात, शिवाय निकोटिनची भूक भागेपर्यंत तो खोल झुरके घेतो. कॅनडाने आणलेल्या तीव्र पद्धतीत झुरका ५५ मिलीलीटरचा, दर ३० सेकंदांनी, आणि छिद्रं पूर्ण बुजवलेली. एकाच सिगारेटचे दोन आकडे, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक. ‘लाइट’ हा शब्द कित्येक वर्षं यातल्या पहिल्या आकड्यावर विकला गेला. म्हणून नमुन्यात फक्त ‘डांबर : इतके मिलिग्रॅम’ असा रकाना ठेवू नका. चाचणीची पद्धत, छिद्रांचं प्रमाण, प्रयोगशाळा कुणाची आणि तिचं बिल कुणी भरलं, हेही विचारा. आणि यंत्राचे आकडे पाकिटावर छापायला परवानगी देऊ नका, ग्राहक त्यावरून ‘हा ब्रँड कमी वाईट’ असंच समजतो.

खर्चाचा तक्ता तितकाच बोलका असतो. अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन हा व्यापारावर नजर ठेवणारा सरकारी आयोग १९६७ पासून सिगारेट कंपन्यांच्या जाहिरात आणि विक्रीवाढीच्या खर्चाचे अहवाल काढतो. अलीकडे आकडा वर्षाला ८०० कोटी डॉलरच्या आसपास आहे आणि त्यातला फार मोठा भाग फलकांवर किंवा मासिकांत दिसत नाही. तो किंमत खाली ठेवण्यासाठी विक्रेत्यांना आणि वितरकांना दिलेल्या सवलतींत जातो. सरकारने कर वाढवायचा आणि कंपनीने सवलत देऊन तो जाणवू द्यायचा नाही, असं चालतं. बाबनिहाय तक्ता मागितल्याशिवाय हे डोळ्याला दिसत नाही.

कंपनीचं पहिलं उत्तर ‘व्यापारी गुपित’ हे असतं. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९६ मध्ये ब्रँडनिहाय घटक उघड करण्याचा कायदा केला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००२ मध्ये अपील न्यायालयाने कायद्यातला तो भाग रद्द ठरवला. यातून धडा घ्यायचा तो मसुद्याचा. मागणीपत्रातच दोन भाग करा. एक भाग सरकारकडे पूर्ण तपशिलासह राहील आणि दुसरा लोकांसाठी लगेच उघडा होईल. गुपिताचा दावा कंपनीने ओळीगणिक, कारणासह करायचा. संपूर्ण अहवालावर एकच ‘गोपनीय’ शिक्का मारून आला, तर तो अपूर्ण समजून परत पाठवायचा.

सहावी पायरी : कर, साठा आणि मागोवा

कर वाढवायचा विषय निघाला की ‘तस्करी वाढेल’ असा अहवाल कुठूनतरी येतोच. त्या अहवालाचं शेवटचं पान आधी वाचा : पैसा कुणी दिला, नमुना कसा घेतला, मूळ आकडेवारी मिळेल का. तस्करीत स्वतः कंपन्यांचा हात राहिला आहे, हे विसरून चालणार नाही. २००८ मध्ये कॅनडात दोन मोठ्या सिगारेट कंपन्यांनी १९९० च्या आसपासच्या तस्करीच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला. दंड आणि तडजोड मिळून रक्कम १०० कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर गेली.

बेकायदा व्यापाराविरुद्धचा वेगळा प्रोटोकॉल (मूळ कराराला जोडलेला पूरक करार) २०१२ मध्ये सोलमध्ये मंजूर झाला, २५ सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. प्रत्येक पाकिटावर वेगळा, न पुसता येणारा कोड आणि कारखान्यापासून पुढचा मागोवा, हा त्याचा गाभा. त्याच्या कलम ८ मध्ये लिहिलं आहे की सरकारवर सोपवलेली ही कामं तंबाखू उद्योगाने करायची नाहीत आणि त्याच्याकडे सोपवायचीही नाहीत. हे वाक्य निविदेत जसंच्या तसं घाला. फिलिप मॉरिसने ‘कोडेंटिफाय’ नावाची स्वतःची पद्धत बनवली, इतर बड्या कंपन्यांना दिली, सरकारांना सुचवली, आणि २०१६ मध्ये ती दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेली. म्हणून निविदा तपासताना पाहायचं ते एवढंच : कोड कोण तयार करतो, माहिती कुणाच्या सर्व्हरवर राहते, ती वाचायचा अधिकार कुणाला, आणि पुरवठादाराचा जुना मालक कोण.

सातवी पायरी : जुने कागद उघडा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने २००२ पासून कंपन्यांच्या कागदांचं ऑनलाइन दफ्तर उघडं ठेवलं आहे. ‘ट्रुथ टोबॅको इंडस्ट्री डॉक्युमेंट्स’ हे त्याचं आजचं नाव. त्यात १ कोटी ४० लाखांहून अधिक कागद आहेत, सगळे फुकट वाचता येतात.

पहिल्यांदा शिरणारा माणूस तिथे हरवतो. म्हणून देशाचं किंवा शहराचं नाव टाकून सुरुवात करा, सर्व जुन्या आणि चुकीच्या स्पेलिंगसह, कारण टंकलेखकाने जे लिहिलं तेच दफ्तरात आहे. एखादा कामाचा कागद सापडला की त्याच्या कोपऱ्यातला शिक्क्याचा क्रमांक टिपून घ्या. खटल्यात कागद हजर करताना प्रत्येक पानावर हे अनुक्रमांक मारलेले असतात. त्या क्रमांकाच्या दहा मागचे आणि दहा पुढचे कागद उघडा. ते एकाच फायलीतून आलेले असण्याची शक्यता मोठी, आणि मूळ पत्रापेक्षा त्याला जोडलेल्या टिपणात जास्त सापडतं. मग त्यातल्या माणसांच्या नावाने शोधा. लिहिताना क्रमांक आणि तारीख द्या म्हणजे वाचणाऱ्याला पडताळता येईल. आणि एका कागदावर निष्कर्ष बांधू नका, योजना कागदावर असणं आणि ती पार पडणं या दोन गोष्टी आहेत.

आठवी पायरी : माहिती मागा, पण नेमकी

‘तंबाखू उद्योगासंबंधी सर्व पत्रव्यवहार द्यावा’ असा अर्ज फेटाळायला सोपा. त्याऐवजी एक खातं, सहा महिन्यांचा कालावधी, कागदाचा प्रकार : अभ्यागत नोंदवहीची पानं, अधिकाऱ्याची दैनंदिनी, दुसऱ्या पायरीच्या यादीतल्या अमुक संस्थांकडून आलेल्या पत्रांची आवक नोंद. आधी नोंदवही मागायची, तिच्यातले क्रमांक घेऊन मग पत्रं मागायची. ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. ते लेखी घ्या. कलम ५.३ पाळलं जात नाही याचा सरकारी सहीचा पुरावा तुमच्या हातात आलेला असतो, अपिलाला आणि बातमीला तो पुरतो.

दोन देशांचे कागद शेजारी ठेवायचे असतील तर २०१९ पासून निघणारा उद्योग-हस्तक्षेपाचा जागतिक निर्देशांक वापरा. त्यात नागरी संस्था सार्वजनिक पुराव्यावर गुण देतात, गुण जितके कमी तितकी परिस्थिती बरी. देशासाठी बनवलेली तीच प्रश्नावली एका खात्याला लावूनही छान चालते.

नववी पायरी : निर्णयाची कारणं त्याच दिवशी लिहा

नियम कडक झाला की खटला येतो. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८० टक्के भाग इशाऱ्याने व्यापण्याचा नियम केल्यावर उरुग्वेवर फिलिप मॉरिसने २०१० मध्ये गुंतवणूक कराराखाली लवादात दावा लावला. ८ जुलै २०१६ ला उरुग्वे जिंकला आणि कंपनीला त्याच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यायला सांगितलं गेलं. मधली सहा वर्षं छोट्या देशाला पुरत्या अडचणीची होती, आणि इतर देशांनी थबकावं हा दाव्याचा अर्धा उपयोग असतो. अशा वेळी सरकारला तारते ती निर्णयाची नस्ती : कोणता पुरावा पाहिला, कुणाचं ऐकलं, कोणता पर्याय का सोडला. ती नंतर जुळवलेली असेल तर लगेच ओळखू येते.

सुरुवात कुठून करायची

अधिकारी असाल तर एक वही, आठ रकाने : तारीख, मागणी कुणाची, कुणाच्या वतीने, विषय, कागद, उत्तर, नकार, सही. नागरिक असाल तर त्या वहीच्या प्रतीसाठी अर्ज. दर तिमाहीला वहीचा गोषवारा प्रसिद्ध व्हायला हवा, एकही भेट झाली नसली तरी. त्या तिमाहीच्या पानावर ‘निरंक’ लिहायचं आणि खाली जबाबदार अधिकाऱ्याने नाव, पद आणि तारीख घालून सही करायची. ते पान रिकामं सोडू देऊ नका.